पौषातलं पाणी

आई, तुझी नात माकणीच्या धरणात पोहायला उतरणार आहे. तेही पौषात, ऐन गारठ्यात. हे ऐकल्यापासून माझ्या हातून एक शिवण सरळ जाईना. काल एका बाईच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या आणि वर तिलाच म्हटलं, हात नीट धरा की जरा. घरात कोणाला सांगायची सोय नाही. तुझे जावई म्हणतात, पोरगी एवढी बक्षिसं घेऊन येते, तू कशाला जिवाला घोर लावून घेतेस. जणू घोर लोहाऱ्याच्या बाजारात मिळतो आणि मी तो हौसेनं विकत आणला. शाळकरी वयापासून तो माझ्याजवळ आहे, आणि कुठून आला ते तुला ठाऊक आहे. म्हणून तुलाच लिहायला बसले. आता मी वयानं तुझ्या किती तरी पुढं निघून आले, केस पिकले, तरी तुला अगं-तुगंच करणार, त्याचा राग मानू नकोस.

आधी तिचं सांगते, कारण तू तिला पाहिलेलं नाहीस. चेहरा तिच्या बापाचा आहे, पण खांदे तुझे, रुंद. सोलापूरला कॉलेजात शिकते आणि तिथल्या स्विमिंग टँकमध्ये पोहायला शिकली. टँक म्हणजे सिमेंटची चौकोनी विहीरच समज. निळी फरशी, तळ वरून लख्ख दिसेल असं पाणी, आणि वास दवाखान्याचा. तिनं पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी एसटीनं स्वतः जाऊन बघून आले. लहानपणी जिला मी भरलेल्या बादलीजवळ एकटी सोडली नाही, ती मला पाण्यात जाऊ का म्हणून विचारत होती. टँकला चारी बाजूंनी भिंत होती, कुठंही दम लागला तरी हात पुरेल अशी. तेवढ्यावर मी हो म्हटलं. पण यंदा दिवाळीला आली ती नवीन खूळ डोक्यात घेऊन. कोकणात समुद्रात पोहायची शर्यत असते, तिच्या मॅडमनी तिला त्यासाठी निवडलं. समुद्राला भिंत नसते, म्हणून आधी मोकळ्या पाण्याची सवय व्हायला हवी, आणि मॅडमनी शोधून शोधून आपलंच धरण काढलं.

"मम्मी, घरून जाता येतंय, जेवायला घरचं. तुला तर आनंद व्हायला पाहिजे," ती म्हणाली. मी भाकरी थापत राहिले. तिला वाटलं मी विचार करतेय. मग तिनं अगदी सहज विचारलं, "आजीला एवढं भारी पोहता यायचं म्हणतेस, मग आजी बुडाली कशी गं?" तिला काय माहीत की हाच प्रश्न एकेकाळी अख्ख्या गावानं विचारला होता आणि उत्तरही गावानंच देऊन टाकलं होतं. तव्यावरची भाकरी करपली. मी म्हटलं, जेव गुमान. ती जेवली, आणि त्या दिवसापासून माझं जेवण सुटलं.

तुझं पोहणं मला अजून दिसतं. धरण व्हायच्या आधीची आपली रानातली विहीर, दगडी बांधणीची, आत उतरायला पायऱ्या. उन्हाळ्याची दुपार आहे, गडीमाणसं जेवून लिंबाखाली आडवी झाली आहेत आणि तू गल्लीतल्या पोरी गोळा करून आणली आहेस. प्रत्येकीच्या पाठीला वाळलेला भोपळा बांधायचा, काष्टा घट्ट मारून तू आधी पाण्यात, मग एकेकीला उडी घ्यायला लावायची. जी कच खाईल तिला वरून काकी ढकलायची. काकी म्हणजे माझी चुलती, तुझी धाकटी जाऊ. लग्न होऊन आली तेव्हा तिला पाण्याची एवढी धास्ती की घागर बुडवतानाही डोळे मिटायची, तिलाही तूच शिकवलंस. गावातल्या म्हाताऱ्या नाकं मुरडायच्या, बायकांनी काष्टे मारून विहिरीत उड्या टाकायच्या म्हणजे काय. तू त्यांना एकच सांगायचीस, "बाईच्या जातीला रोज पाण्यावर जावं लागतंय. पाय घसरला तर गडी येऊस्तर काय पाण्याला थांब म्हणावं व्हय?" तेरजवळ तुझ्या माहेरी तुझी थोरली बहीण पाणी शेंदताना आत गेली होती. ते तू एकदाच सांगितलंस. त्यानंतर भोपळा बांधताना मी कधी कुरकुर केली नाही.

थंडीतही तू सुट्टी द्यायची नाहीस. पौषात सकाळी विहिरीतून वाफ वर येताना दिसायची आणि तू म्हणायचीस, "बघ, पाणी कसं धूर सोडायलंय. थंडीत पाण्याला भ्यायचं न्हाय, बाय. गारठा वर असतोय, आत लई ऊब." आणि खरंच असायची. वर दात वाजायचे आणि पाण्यात शिरलं की चुलीपुढं बसल्यासारखं वाटायचं. दुसरा तुझा धडा भिंतीचा. मधोमध गेल्यावर मला धाप लागायची, मी मागं फिरायला बघायची, आणि तू ओरडायचीस, "मागं वळू नगंस, समोर बघ, भिंत आलीच!" ती यायचीच. विहिरीत पोहणाऱ्याला मागं वळावं लागतच नाही, कुठंही तोंड करून हात मारले की काठ लागतो. हे दोन्ही धडे तू आम्हाला दिलेस आणि तुझाही त्यांच्यावर पक्का विश्वास होता.

मग धरण भरलं. आपलं रान पाण्याखाली गेलं, विहीरही गेली, आणि आपण वरच्या माळावर नव्या गावठाणात राहायला आलो. धरणाचं पाणी विहिरीसारखं नसतं हे गावात कोणाला ठाऊक नव्हतं, कारण सगळ्यांची पाण्याशी ओळख विहिरीत झालेली. विहीर जमिनीच्या पोटात असते, तिला वारा लागत नाही. तिचं पाणी बारा महिने सारखंच, म्हणून थंडीत अंगाला ऊबदार लागतं आणि उन्हाळ्यात गार. धरण बिचारं उघड्यावर पडलेलं. घट बसायच्या आधी गावच्या बायका धुणं घेऊन जातात तेव्हा ते गढूळ असतं, पण अंगाला कोमट लागतं. दिवाळी झाली, उत्तरेचा वारा सुटला की तो पाणी ढवळत राहतो आणि पौषापर्यंत गारवा पार खालपर्यंत जातो. चैत्रात वरचा थर कोमट, आणि पाय खाली सोडला की कमरेखाली एकदम गार. तापलेली पोरं वरवर हात घालून बघतात आणि उड्या टाकतात. वैशाखात पाणी आटतं, आणि गुडघाभर पाण्यातून चालता चालता माणूस एखाद्या बुडालेल्या विहिरीत जातो. तुझ्यानंतर मी धरणात पाय घातला नाही, एसटी धरणाजवळून गेली तर दुसऱ्या खिडकीकडं तोंड करून बसते, तरी मला हे सगळं माहीत आहे. भित्र्या माणसाएवढी चौकशी कोणी करत नाही.

तो दिवस मी पाहिलेला नाही, मी शाळेत होते. जे आहे ते काकीच्या तोंडचं आहे, पण इतक्या वेळा ऐकलं आहे की मी काठावर उभी होते असंच वाटतं. माझी आजी, तुझी सासू, गेली होती, सुतक फिटायचं होतं, म्हणून घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण घेऊन तू, काकी आणि भावकीतल्या बायका धरणावर आला आहात. पौषातली सकाळ आहे, वारा आहे. गेलेल्या माणसाची गोधडी आपल्यात घरात ठेवत नाहीत, पाण्यात सोडून देतात. त्यावरून आदल्या दिवशी तुझं आणि वडलांचं, आबांचं, चांगलंच वाजलं होतं. आबा म्हणत होते, रीत आहे, सोडून दे. तू म्हणत होतीस, एवढी जड गोधडी, असली थंडी, पोरांच्या अंगावर काय घालू, तुमची रीत? तेव्हा गोधडी तू धुवायला आणली आहेस, सोडायला नाही. वाकळा दगडावर आपटून आपटून तुला घाम फुटला आहे. शेवटी तू आजीची गोधडी भिजवायला पाण्यावर पसरतेस. ती हवा धरून फुगते आणि वारा तिला ओढून नेतो. भावकीतली एक बाई म्हणते, जाऊ दे, तिची होती, तिनं नेली. तू म्हणतेस, "नेती कशी, बघतेच," आणि घामेजल्या अंगानं तशीच उडी घेतेस.

काकी सांगते, तू झपाझप हात मारत गोधडीपर्यंत गेलीस. तिला धरलंस. मग थांबलीस. काठाकडं वळली नाहीस, समोरच तोंड करून राहिलीस. एक हात वर केलास. काकीला वाटलं, सापडली म्हणून दाखवतेस, तर काकीनंही हात केला. बायका हसल्या. नंतर बघितलं तर पाण्यावर काही नव्हतं. "हाक न्हाय मारली गं तिनं," काकी दर वेळी इथंच येऊन थांबते, "एक हाक न्हाय."

मासे धरणाऱ्यांनी तुला बाहेर काढलं तेव्हा गोधडी तुझ्या मुठीत होती, बोटं एकेक करून सोडवावी लागली. तिथून गावाचं सुरू झालं. पट्टीची पवणारी, बुडंल कशी? नवऱ्याशी भांडली, सकाळी पाण्यात गेली, ओरडली नाही, गोधडीही सोडली नाही. मग राहिलं काय? जीव दिला. माझ्या तोंडावर कोणी म्हटलं नाही. मी आडावर गेले की बोलणं थांबायचं आणि कोणीतरी माझ्या डोक्यावरून हात फिरवायचं, त्यात सगळं आलं. आबा त्यानंतर कोणाशी मोठ्यानं बोलले नाहीत, आणि गावानं त्याचाही पुरावाच केला. आई, तू मेलीस याची भीती हळूहळू सवयीची झाली. मला भीती वाटायची ती वेगळीच. तुला ओरडता येत होतं आणि तू ओरडली नाहीस. काकी काठावर होती, माझ्या धाकट्या भावाला तर अजून नीट बोलताही येत नव्हतं, मी शाळेत तुझी वाट बघत नव्हते कारण आई घरी असणारच असं मी धरून चालले होते, आणि तू आम्हाला टाकून गेलीस. पुढं लग्न झालं, ही पोर झाली, तेव्हा त्या भीतीला आणखी एक फाटा फुटला. तुझ्यात जे होतं ते माझ्यातही असलं तर? नवऱ्याशी भांडले, दार आपटलं, की माझी मीच दचकायची आणि मुकाट्यानं चहा टाकायची. आणि आता ही पोरगी तुझे खांदे घेऊन त्याच पाण्याकडं निघाली आहे, त्याच महिन्यात.

इथवर लिहून मी वही मिटली होती. मध्ये बरेच दिवस गेले, बरंच काही झालं, ते आता सांगते.

मी नाही म्हणायला गेले होते. पोरीबरोबर धरणावर जायचं आणि मॅडमना तोंडावर सांगायचं, आमच्या घरातली एक बाई या पाण्यानं घेतली आहे, दुसरी आम्ही देणार नाही. एसटीत बसून मनातल्या मनात घोकत होते. पोहोचलो तेव्हा ऊन बऱ्यापैकी वर आलं होतं. काठावर एक रबरी होडी, नारिंगी फुगे, उमरग्याच्या आणखी दोन मुली, आणि मॅडम. वयानं माझ्याएवढ्याच, केस बारीक कापलेले, आवाज मात्र शाळेच्या घंटेसारखा. त्यांनी दोरीला बांधून पाण्यात सोडलेला थर्मामीटर वर ओढला, बघितला, आणि मुलींना म्हणाल्या, आज आत जायचं नाही, काठाकाठानं थोडंच. पोरीनं लगेच तोंड पाडलं. मला तेवढंच बरं वाटलं, पण समोर ते पाणी होतं, वाऱ्यानं बारीक बारीक हलणारं, आणि माझं घोकलेलं सगळं पळालं. मी फक्त पोरीचा दंड धरून म्हणाले, "काही झालं, जरा जरी कसंनुसं वाटलं, तर हाक मार हं. मी इथंच आहे."

मॅडमनी ऐकलं. "ताई, हाक मारता येणार नाही तिला," त्या म्हणाल्या.

म्हणजे, मी विचारलं. बहुतेक माझा आवाज चढला असावा, कारण उमरग्याच्या मुली वळून बघायला लागल्या. मॅडम म्हणाल्या, "गार पाण्यात एकदम गेलं की आधी श्वास हातचा जातो. श्वास नाही तर आवाज कुठून येणार? सगळे आई-बाप पोरांना हेच सांगतात, हाक मार. म्हणून मी पालकांना सांगते, आवाजाची वाट बघत बसू नका, डोळे ठेवा. खरं वाटत नसेल तर कमरेला दोरी बांधते, छातीइतक्या पाण्यात उतरून बघा." त्या हे इतकं सहज बोलल्या, जणू शिवणाऱ्या बाईनं कापड आधी धुऊन घ्या म्हणावं. मला काय झालं कोण जाणे. जे वाक्य माझ्या लहानपणी कोणीतरी येऊन बोलायला हवं होतं ते त्या बोलल्या होत्या, आणि मला ते खरं आहे का हे बघायचं होतं. मॅडमनी रक्तदाब, छातीचं काही दुखणं, सगळं विचारून घेतलं. पोरगी म्हणत होती, "मम्मी, तू? अगं तू तर घंगाळाला पण भितेस." मी चपला काढल्या, पदर खोचला, दोरी बांधून घेतली.

घोट्यापर्यंत नुसतं गार, गुडघ्यापर्यंत गेले तर हाडात कळ गेली. मॅडम सावकाश, सावकाश म्हणत होत्या, पण गाळावरून पाय सटकला आणि मी गळ्यापर्यंत आत. आई, काय सांगू तुला. श्वास आत आला तो येतच राहिला, बाहेर जाईना. छाती आपली आपणच धडपडत होती, माझं तिला काही ऐकू जात नव्हतं. पोरगी पाण्यात समोरच उभी होती, अगदी जवळ. मला तिला हाक मारायची होती. तिचं नाव डोक्यात स्वच्छ होतं, तोंड उघडलं, आणि बाहेर काही आलं नाही. मग मी हात वर केला. पोरगी हसली आणि तिनंही मला हात केला. तो तिचा हात बघितला आणि मी जी घाबरले तशी जन्मात घाबरले नव्हते. तुला त्या दिवशी काठावर काय दिसलं असेल ते मला दिसलं. माणसं होती, ती हसत होती, आणि त्यांना काही कळत नव्हतं.

दोरी ताणली गेली. मॅडम वरून सांगत होत्या, काही करू नका, हातपाय झाडू नका, नुसत्या उभ्या राहा, जाईल ते. थोड्या वेळानं छाती सुटली. आधी श्वास आला, मग एक शिवी आली, ती कोणाला दिली ते विचारू नकोस. बाहेर काढून मला ब्लँकेटात गुंडाळून उन्हात बसवलं. बोटं वळेनात, चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरावा लागला. मॅडम बाजूला बसून सांगत होत्या. हा पहिला झटका असतो, तो गप राहून सोसला तर ओसरतो. पण त्यातच पोहायची घाई केली तर पाणी आत जातं, आणि काम करून अंग तापलेलं असलं तर आणखी वाईट. नंतर हातापायातलं बळ जातं. चांगलं पोहणाऱ्यांचंच जास्त होतं असं, ते बिनधास्त उडी टाकतात. मी विचारलं, "आणि हातात भिजलेली गोधडी असली तर?" त्या हसल्या नाहीत. "सोडून द्यायची, ताई," म्हणाल्या, "पण बोटं आखडली असली तर सोडताही येत नाही." मी तिथं, परक्या बाईपुढं, त्या मुलींपुढं, मोठ्यानं रडले. पोरगी ओल्या अंगानं येऊन मला धरून बसली. नाही म्हणायला आले होते ते राहूनच गेलं.

गावठाण तिथून जवळ. पोरीला एसटीत बसवून दिलं आणि मी तशीच ओल्या केसांनी काकीकडं गेले. काकी आता पार वाकली आहे. अंगणात ऊन खात बसली होती. माझे केस बघून तिचा चेहरा उतरला. "कुठं गेलतीस?" तिनं विचारलं. धरणात, मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, काकी, आईला हाक मारताच आली नसणार. मला वाटलं होतं, हे ऐकून तिच्या जिवावरचं ओझं उतरेल. तिनं माझ्या ओल्या केसांना हात लावून बघितला. मग म्हणाली, "म्या काठालाच हुते की गं. मलाबी पवाय येत हुतं, तिनंच शिकवलेलं. हाक आली असती तर म्या गेले असते, ह्येच म्या जिंदगीभर मनाला सांगत आले. आन आता तू म्हनतीस, हाक येतच नसती. मंग तिनं हात केला तवाच म्या जायला पायजे हुतं."

मी म्हटलं, तू गेली असतीस तर तूही राहिली नसतीस. "व्हय," ती म्हणाली, "पर ते तुला कसं ठाव?" एवढी वर्षं मला वाटायचं की काकी ते वाक्य तुझ्यावर ठपका म्हणून बोलते. ती ते स्वतःला सांभाळायला बोलत होती, आणि मी तेच काढून घेतलं. ती उठली, माझ्या मागं आली आणि पदरानं माझे केस खसाखसा पुसायला लागली. "गारठशील," म्हणाली. "पोरीला आत सोडू नगंस." केस पुसून झाल्यावर ती परत म्हणाली, "सोडलीसच तर डोळा हलवू नगंस तिच्यावरनं. हसायचं न्हाय, बोलायचं न्हाय, नुस्तं बघायचं."

मी पोरीला सोडली, आई. घरात कोंडून ठेवता येईल अशी ती नाही, आणि तिला निदान तुला माहीत नव्हतं ते माहीत आहे. ऊन चढल्यावरच उतरते. आधी मानेवर, छातीवर पाणी मारून घेते, मग सावकाश आत. कमरेला नारिंगी फुगा, बाजूला होडी. सरळ समोर निघायचं नाही, काठ धरून जायचं आणि काठ धरून यायचं. थंडी वाजायची थांबली आणि बरं वाटायला लागलं तर लगेच बाहेर, कारण ते बरं वाटणं खोटं असतं. या सगळ्या मॅडमच्या अटी. माझी एकच आहे. ती पाण्यात असताना मी काठावरून हाक मारणार आणि तिनं ओ द्यायची. ओ आली म्हणजे श्वास जागेवर आहे. ती वैतागते. "मम्मी, कोकणात पण येऊन ओरडणार का तू?" मी म्हटलं, तिकीट काढून ठेव माझं. मॅडमना मात्र पटलं. आता उमरग्याच्या मुलींनाही मीच हाका मारते, आणि घरी जाऊन मिठाच्या पाण्यानं गुळण्या करते.

त्या दिवशी पाण्यात खरंच काय झालं हे मला कळलं, असं मी म्हणणार नाही. ते तुझं तुला ठाऊक. पण हाक मारता येत नाही हे आता मला माझ्या छातीनं सांगितलं आहे, ते गावाच्या सांगण्यापेक्षा मी जास्त मानते. पोरीनं दिवाळीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही दिलं. म्हटलं, आजी गोधडी आणायला गेली होती, आमच्या अंगावर घालायला, आणि पाणी गार होतं. तिनं ऐकून घेतलं. नखं कुरतडत म्हणाली, उद्या मी कानटोपी पण घालते. भीती काही गेलेली नाही. रोज सकाळी पोरीची पिशवी मी भरते, रिकामी करते आणि पुन्हा भरते. फक्त तू आम्हाला टाकून गेलीस ही जी भीती होती ती आता तेवढी वर येत नाही, आणि ती नसली की मला तुझी आठवण येते, साधी, जशी कोणालाही आईची येते.

हे पत्र कुठं टाकायचं? तुझ्या पत्त्यावर पोस्टमन जात नाही आणि धरणात सोडलं तर तेवढीच घाण. शिलाई मशीनच्या खणात चिंध्यांखाली ठेवणार आहे. ठेवायच्या आधी एक सांगून टाकते. परवा एकाएकी वारा सुटला, पाण्यावर लाटा उठल्या आणि पोरीची टोपी दिसेनाशी झाली. फुगाही दिसेना. मी उठून उभी राहिले आणि होता नव्हता तेवढा जीव एकवटून हाक मारली. तिचं नाव तोंडात आलंच नाही. "आई" म्हणून हाक गेली. एकदा गेली, आणि पुन्हा एकदा गेली. लाटांच्या पलीकडून ओ आली. काठावर येऊन टॉवेलनं डोकं पुसताना पोरगी म्हणाली, "मम्मी, आई आई काय ओरडत होतीस?" मी म्हटलं, पायाला ठेच लागली होती. लागली नव्हती.